जागतिक आरोग्य सहकार्यात खेड्यातील परिचारिकाही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो, तेव्हा आंतरराष्ट्रीय सहकार्यावर बरेच बोलले जाते. १८९९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचे कार्य मोठे आहेच. परंतु अशा सहकार्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील उपकेंद्रांत घडले, हे आज सीमाभागात नोकरीला लागणाऱ्या मुलींना कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज गेली की ते किती अवघड होते, हे तिकडे काम केलेल्यांना विचारावे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांसह जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. त्यात हाच रक्तस्राव रोखणाऱ्या, पण थंड ठेवाव्या न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घेतलेल्यांमध्ये अतिरक्तस्राव ६.४ टक्के, तर औषधविरहित गोळ्या घेतलेल्यांमध्ये १२ टक्के आढळला. गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या नर्सबाई. रक्त नजरेच्या अंदाजाने न ठरवता, बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरून त्यांनी ते मोजले. हे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयांत अशाच मापाच्या पिशवीने रक्तस्राव वेळीच ओळखून लगोलग सर्व उपचार एकत्र सुरू केल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा प्रकल्पांत परिचारिकेकडे केवळ तक्ते भरणारी म्हणून पाहणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. अभ्यासाची आखणी होतानाच उपकेंद्रातील परिचारिकेला बोलवावे आणि निष्कर्ष तिला कन्नड व मराठीत मिळावेत. टांझानियातील सुईण-परिचारिका आणि खानापूर तालुक्यातील परिचारिका यांचा दूरदृश्य बैठकीतून थेट संवाद घडवणे आता खर्चिकही राहिलेले नाही. महाराष्ट्रातील चंदगडकडच्या कित्येक बाळंतिणी उपचारासाठी बेळगावात येतात. तेव्हा दोन्ही राज्यांच्या परिचारिकांनाही या संवादात एकत्र बसवावे.

जिल्हा आरोग्य विभागाने याची दखल घ्यावी, तसेच त्या अभ्यासात राबलेल्या परिचारिकांचे अनुभव आपल्या वृत्तपत्राने त्यांच्याच शब्दांत प्रसिद्ध करावेत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, खानापूर (जि. बेळगाव)