बुडबुडे ऐकू आले

प्रिय बंड्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. रागाव, तुझा हक्कच आहे. ऑपरेशनच्या आधी तू तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. "पुन्हा बोटीत कधी?" असं तू विचारणार हे ठाऊक होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तब्येत बरी. मणक्यातल्या सरकलेल्या गादीचा तुकडा काढला, टाके सुकले, डाव्या पायाचा बधिरपणा गेला. बास.

लिहायला बसलो ते रविवारच्या सकाळमुळे. फिजिओनं आधी महिनाभर अर्गवर, त्या वल्हवण्याच्या यंत्रावर, बसवलं, दहा मिनिटं, मग वीस, आणि शेवटी सिंगल स्कल, एकट्याची दोन वल्ह्यांची बोट, काढू दिली. स्वीप इतक्यात नाही, एका वल्ह्यानं कंबर एकाच बाजूला पिळते. बोट उचलायची नाही, ही दुसरी अट. १४ किलोची बोट रे! एका हातात वडापाव धरून आपण ती खांद्यावरून जेटीपर्यंत न्यायचो. रविवारी दोन पोरांनी ती पाण्यात ठेवली आणि मी नुसता उभा. फार लागलं ते.

मुळा नदीत जलपर्णी पलीकडच्या काठाला गेली होती, मधलं पाणी मोकळं. पहिली दहा वल्ही नुसत्या हातांनी मारली, सीट हलवलीच नाही. मग अर्धी स्लाइड, म्हणजे सीट रुळावर अर्धीच सरकवायची. हळूहळू बोट चालू लागली, आणि बंड्या, तळाखाली बुडबुडे वाजले, बोट नीट धावली की वाजतात तसे! घरी सांगितलं तर ही म्हणाली, "बुडबुडे? बरं," आणि चहा टाकला. तिला काय कळणार, म्हणून तुला लिहितोय.

मग राहवलं नाही. गुडघे पूर्ण दुमडून, पुढे झुकून एक कॅच घेतला, वल्हं पाण्यात रोवलं आणि ओढलं. डाव्या पोटरीतून मुंगी चालत गेली. एकदाच. पुढच्या वल्ह्याला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. ती नस होती की भीती? काहींची गादी पुन्हा सरकते हे डॉक्टरांनी सांगितलंय, आणि कमरेत वाकून जोर लावणं तिला सगळ्यात वाईट. चार दिवस झाले, शिंक आली तरी माझं लक्ष पोटरीकडे. कुणाला बोललो नाही. फिजिओला सांगितलं तर बोट बंद होईल.

पण त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. घाबरून मी कायमचा अर्ध्या स्लाइडवर ओढत राहीन, आणि ते इतर कुणाला कळणार नाही. डबलमध्ये, आपल्या दोघांच्या बोटीत, तुझ्या मागे बसलो की तुला तीन वल्ह्यांत कळेल. ती फायनल तुझ्या क्रॅबमुळे, वल्हं पाण्यात अडकल्यामुळे, गेली हे माझं मत अजून कायम आहे, पण मी कधी कमी ओढलं असं तूही म्हणाला नाहीस. २०१६ ला आपला रोअर दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये सी फायनल, म्हणजे तेराव्या ते अठराव्या क्रमांकांसाठीची शर्यत, जिंकून १३वा आला, तेव्हा "१३वा म्हणजे काय" म्हणालास आणि आपण महिनाभर बोललो नाही. पदक हातचं गेल्यावरही तो पूर्ण ताकदीनं ओढत होता, एवढंच मला तेव्हा म्हणायचं होतं.

चिन्मयीला हवं ते कॉलेज मिळालं ना? वहिनींची बदली टळली हे फार बरं झालं. काकांना नमस्कार. नव्या घराची गॅलरी झकास.

दिवाळीत ये. बोट तू आणि पोरं उचला, मी बोच्या सीटवर, तुझ्या मागे, बसेन. मागे वळून बघू नकोस. शंभर वल्ही मार आणि जेटीवर उतरल्यावर सांग, मी ओढतोय की नाही.

गुरुवारी फिजिओकडे जायचंय. पोटरीचं सांगतो त्याला. आता ओरडू नकोस.

तुझा,
दिन्या