खोली बदलण्याआधी

कराड
रविवार, रात्री

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलंस आणि फोन ठेवलास. वादविवाद स्पर्धेची तयारी करताना फाशीची शिक्षा असावी की नसावी यावरून तुझी आणि तुझ्या रूममेटची जुंपली, आठ दिवस झाले, एकाच खोलीत राहून दोघी बोलत नाही आहात आणि आता तू रेक्टरबाईंकडे खोली बदलून मागणार आहेस. जाता जाता म्हणालीस, "आई, या कॉलेजात नुसती भांडणारी माणसं भरली आहेत गं." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

खरंच भरली आहेत, मनू. पहिल्यापासून. फर्ग्युसन उभं राहिलं तेच मुळी अशा माणसांच्या हातून.

तुला टेंभू आठवतं का? तू दुसरीत असताना आजोबांनी आपल्याला तिथे नेलं होतं. आगरकरांचं गाव. शिकण्यासाठी तो मुलगा वणवण फिरला. कॉलेजात अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा तोच चढवायचा, असं आजोबा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. याच मुलाने आईला पत्र लिहून कळवलं की, आपला मुलगा मोठाल्या परीक्षा देतोय, त्याला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असे मनोरे तू रचत असशील, पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सगळा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. मी कॉलेजात असताना हे पत्र मुलीच्या नजरेने वाचलं होतं. आज त्या माउलीचाच विचार जास्त येतो. टेंभूत बसून तिने ते पत्र कुणाकडून वाचून घेतलं असेल?

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर आणि वामन शिवराम आपटे लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला कॉलेज. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १२०० रुपये दिले, त्यांचं नाव कॉलेजला मिळालं. सुरुवातीला वर्ग गद्रे वाड्यात भरत. तू रोज ज्या आवारातून चालतेस तिथे कॉलेज आलं १८९५ मध्ये. शिकवणारे होते 'आजीव सदस्य'. वीस वर्षं इथेच शिकवायचं, पगार महिना ७५ रुपये. सरकारी नोकरीत याच माणसांना कितीतरी जास्त मिळालं असतं.

पहिले प्राचार्य आपटे. आजोबांच्या कपाटातला तो जाडजूड संस्कृत-इंग्रजी कोश त्यांचाच, १८९० चा. दोनच वर्षांनी ते गेले. वय चौतीस. त्यांच्या जागी आगरकर आले, तेही तीन वर्षांत गेले. चाळिशीसुद्धा गाठली नाही. दम्याने जर्जर झालेला तो माणूस प्राचार्यपद सांभाळत होता आणि 'सुधारक' हे आपलं वृत्तपत्रही चालवत होता.

पण मला तुला सांगायचंय ते त्यांच्या भांडणाचं. टिळक आणि आगरकर कॉलेजपासूनचे मित्र. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. बाहेर आल्यावर आधी स्वराज्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून वाट फुटत गेली. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. संस्थेतही खटके उडत होते. आजीव सदस्याने बाहेरचं दुसरं काम अंगावर घ्यावं का, घेतलं तर कमाई कुणाची, हे वरवर पाहता हिशेबाचे प्रश्न होते. टिळकांच्या दृष्टीने मात्र ज्या व्रतावर संस्था उभी राहिली, तेच मोडत होतं. आजीव सदस्य असलेले गोखले पुण्याच्या सार्वजनिक सभेचे, म्हणजे बाहेरच्या एका संस्थेचे, चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. १८९० मध्ये टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहून स्वतःच उभी केलेली संस्था सोडली. मी टिळकांच्या जागी असते तर कदाचित थांबले असते, पण त्यांनी आपलं म्हणणं ओळ न ओळ लिहून दिलं, मुकाट्याने पाठ फिरवली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आगरकर गेले तेव्हा उशाशी एक पुडी सापडली, त्यात स्वतःच्या दहनासाठी ठेवलेले पैसे होते, असं सांगतात. 'केसरी'त मृत्युलेख लिहिताना टिळकांना रडू आवरत नव्हतं, असंही सांगतात. आठ वर्षं ज्याच्याशी जाहीर भांडण चाललं होतं, त्याच्यासाठी.

आणि भांडणं तिथे थांबली नाहीत. ऑक्टोबर १९०५ मध्ये सावरकरांनी विदेशी कपड्यांची होळी केली, तेव्हा प्राचार्य होते रँग्लर परांजपे. केंब्रिजला १८९९ साली गणितात पहिले आलेले, तरीही ठरल्याप्रमाणे याच ७५ रुपयांवर परत आलेले. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. मला ती शिक्षा चुकीची वाटते, आजही. पण गंमत बघ, ज्या खोलीतून काढलं ती १७ नंबरची खोली कॉलेजने जपून ठेवली आहे, आणि रँग्लरांचंही नाव तिथे आदरानेच घेतलं जातं. त्याच रँग्लरांच्या घरी ब्रह्मदेशातून शिकायला आलेली एक लहान मुलगी त्यांच्या शकुंतलेची, म्हणजे लेकीची, मैत्रीण म्हणून राहिली, आणि १९२६ मध्ये फर्ग्युसनमधूनच तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली. ती इरावती कर्वे. तुझ्या वाडिया लायब्ररीत २२ जुलै १९३१ ला वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या होत्या, हे तिथे अभ्यासाला बसणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल!

माझ्या वेळची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९८६ साली मी आणि माझी खोलीतली पार्टनर अशाच बोलेनाशा झालो होतो. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत ती काम करत होती आणि मी पडद्यामागे. शेवट बदलायला हवा असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, ते तिला लागलं. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला आम्ही शेजारी बसायचो. खोडाचा सेक्शन घेताना माझ्या ब्लेडने बोट कापलं, पाण्याच्या वॉचग्लासमध्ये रक्ताचा थेंब पडून तो सॅफ्रानिनच्या लाल रंगासारखा पसरला. तिने काही न बोलता रुमाल फाडून बांधला आणि स्वतःचा एक पातळ सेक्शन ब्रशने उचलून माझ्या स्लाइडवर ठेवला. तरी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या वर्षी मी खोली बदलली. स्पर्धेच्या रात्री भरत नाट्यच्या दारात 'अरे आव्वाज कुणाचा' करून माझा घसा बसला होता, तो तिच्यासाठीच होता हे मी तिला कधीच सांगितलं नाही. आता ती कुठे असते मला माहीत नाही.

म्हणून एवढंच कर. रेक्टरबाईंकडचा अर्ज पंधरा दिवस थांबव. तुझं मत बदलू नकोस, मला तुझं मत पटतं. पण तिच्याकडून तिचे मुद्दे नीट ऐकून घे आणि मला लिहून पाठव. तुझे नकोत, ते मी काल ऐकले.

मंगळवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे देते. ती लसूण खात नाही म्हणाली होतीस ना, झाकणावर दोरा बांधलेला डबा बिनलसणीचा आहे.

तुझी,
आई