गृहमंत्री साहेब, माझ्या आईचे तेवीस दिवस

मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. जन्माने मॉरिशसची मराठी, लग्नाने इथली. गेल्या मंगळवारी माझा भारतीय नागरिकत्वाचा अर्ज परत आला. सोबत पासपोर्टची झेरॉक्स, आणि तिच्यावर दोन शिक्क्यांभोवती लाल बॉलपेनने काढलेले गोल. एक जाण्याचा शिक्का, एक येण्याचा. मधे लिहिलेलं : २३ दिवस. खिडकीवरच्या बाबूंनी कॅल्क्युलेटरवर मला पुन्हा करून दाखवलं आणि म्हणाले, "मैडम, ब्रेक आ गया."

त्या ब्रेकमध्ये माझी आई गेली, साहेब. ऑगस्ट २०२३. मुंबईहून विमान मिळून मी पोचेपर्यंत तिला नेलंही होतं. तेरावं केलं, कपाटातल्या साड्या बहिणींनी वाटून घेतल्या, बाबांना गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आणि परत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज भरला तेव्हा हीच पानं, हेच शिक्के त्याच खिडकीत दिले होते. तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. "तीन महीने में हो जाएगा," असं ऐकून मी पेढेही वाटले. मूर्खच मी.

तुमचा १९५५ चा नागरिकत्व कायदा मला आता पाढ्यासारखा पाठ आहे. भारतीयाशी लग्न केलेल्याने सात वर्षं इथे राहिलेलं असावं : अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा. मी २०१२ पासून इथे आहे. याच कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने असंही लिहिलंय, की विशेष परिस्थिती असेल तर कारण लेखी नोंदवून त्या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देता येते. तेवीस हे तिसापेक्षा कमीच असतात ना? की त्याचाही दाखला जोडायचा? आई मरणं विशेष नसेल तर विशेष काय, ते एकदा राजपत्रात छापून टाका. बाबूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वो ऊपर का मामला है." म्हणून वर लिहितेय.

माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून मॉरिशसला गेले. हे मजूर जिथे उतरत, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून. त्यांचा नंबर, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, सगळं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दफ्तरात आजही सापडतं. नक्कल आणलीय मी. उसाच्या मळ्यात राबायला माणसं नेणाऱ्या गोऱ्या सायबाने कागद दीडशे वर्षं टिकवला. माझी फाईल वर्षभरात दोनदा 'मिल नहीं रही' झाली. गोऱ्या सायबाचं कौतुक करायची वेळ आणलीत, आणखी काय बोलू?

भेटेल तो म्हणतो, ओसीआय कार्ड घ्या की, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. आपल्या राष्ट्रपतींनीच मार्च २०२४ मध्ये मॉरिशसला जाऊन सातव्या पिढीपर्यंत ते खुलं केल्याचं सांगितलं. आनंद आहे. पण त्यावर मत देता येत नाही. मे २०२४ ला घरची सगळी आत गेली आणि मी बूथबाहेर त्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत उभी. त्या निवडणुकीत इंदूरच्या २ लाख १८ हजार ६७४ लोकांनी नोटा दाबला. मला तोही दाबता येत नाही. 'यांपैकी कुणीही नको' एवढं म्हणायलासुद्धा आधी तुमची परवानगी हवी!

आणि जाणाऱ्यांचं बघा. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, सरकारनेच संसदेत दिलेला आकडा. दिवसाला सहाशेच्या वर झाले; माझं गणित कच्चं असेल तर त्या कॅल्क्युलेटरवर करून घ्या. पुढच्या दाराने रोज सहाशे बाहेर पडतायत, आणि मागच्या दाराशी एक बाई आत घ्या म्हणून उभी आहे तर तिचे शिक्के मोजताय. होळकरांच्या मागोमाग आमच्या सासरचे लोक माळव्यात आले, तेव्हा कुणी विचारलं होतं, गेले बारा महिने सलग कुठे होतात? सासूबाई तर म्हणतात, पत्रिका जुळत नसताना तुमचं लग्न याहून लवकर झालं.

खरं तर बाईने घर, दार, आडनाव सोडावं, याची या देशाला सवयच आहे. मी पासपोर्टही सोडायला तयार आहे. मॉरिशस दोन नागरिकत्वं चालवून घेतं, तुम्ही नाही, ठीक. पण घेताना तरी जरा माणसासारखं घ्या.

आता नवा अर्ज करा म्हणतात. त्यातही घोळ आहे. पहिला अर्ज आईच्या तेराव्याने बुडाला, दुसरा तिच्या वर्षश्राद्धाने अडलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ दिवस गेले होते, अर्ज भरला आहे तर आता हरकत नाही अशा समजुतीने. म्हणजे तिथून पुन्हा बारा महिने मोजायचे, आणि तोवर, बाबूंच्या शब्दांत, "कहीं मत जाइएगा."

माझं मागणं दोन ओळींचं आहे. ते तेवीस दिवस तीस दिवसांच्या सवलतीत धरा आणि जुनाच अर्ज पुढे पाठवा. नाही धरायचे तर तसं लेखी द्या, कुणाच्या तरी सहीने.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. दर रविवारी फोनवर विचारतात, कधी येतेस. मधल्या काळात त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते कुठल्या कलमात बसेल, तेवढंही कळवा.

आपली (अजून न झालेली),
रामबागेतली एक रहिवासी, इंदूर