पॅटर्नवाल्या काकांना उघड पत्र

सांगली

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठू नका.

कुपवाडच्या तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा माझ्याजवळ दुर्बिणीसाठी घरी घासलेला आठ इंची आरसा होता, रंधा-पटाशी होती, लेथ शिकायची फार इच्छा होती, आणि ‘तिन्हीतलं एक काहीतरी धर’ म्हणणारी माणसं भरपूर होती. नोकरी आणि घर सांभाळून हे सगळं कसं जमणार, हा त्यांचा प्रश्न काळजीचाच होता. तुम्ही तो विचारला नाहीत. ‘आरसा बघू’ एवढंच म्हणालात.

कार्बोरंडमच्या कठीण भुकटीने घासत मधोमध जेमतेम दोन मिलिमीटरचा खळगा करायचा, सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचं, आणि मग गोलाकार पृष्ठभागाचा पॅराबोला (परवलय) करताना जी काच काढायची ती एका मायक्रॉनच्याही आत, हे मी सांगितलं. तुम्ही चष्मा काढून विचारलंत, ‘मोजता कशानं?’ बारीक दिवा, ब्लेडची धार आणि आरशावर सरकणारी सावली, ही फूकोची चाचणी तुम्ही पुन्हा पुन्हा करून बघितलीत. जन्मभर सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, मापावर काम केलेल्या माणसाचं ते कुतूहल मला फार मोठं वाटलं.

आरशाची बैठक ॲल्युमिनियममध्ये ओतून घ्यायची ही कल्पना तुमची. त्यासाठी तुम्ही मला सागवानाचा पॅटर्न, म्हणजे मातीत ओतकामाचा साचा उमटवायचा लाकडी नमुना, करायला बसवलंत. बीड (ओतीव लोखंड) निवताना फुटाला एक सूत आकसतं, ॲल्युमिनियम सव्वा सूत, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवायचा. मातीतून तो न मोडता सुटावा म्हणून उभ्या बाजूंना उतार द्यायचा. जिथे पुढे लेथवर फेसिंग होणार, म्हणजे तोंड सपाट कापलं जाणार, तिथे जास्तीचा माल ठेवायचा. पटाशी लाकडावर चालत होती, विचार धातूचा चालला होता आणि बैठकीच्या तिन्ही हातांची लांबी आरशाच्या काचेनं ठरवलेली होती. एक हौस दुसरीचा वेळ खाते, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

वेळेची वाटणीही तुम्हीच करून दिलीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ झाकलेलं आणि लाकूड फुगलेलं, तेव्हा लोखंड-पितळ घ्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड. अमावास्येच्या आगेमागे हत्यारांना हात लावायचा नाही, त्या रात्री आकाशाच्या. आमच्या कपाटाच्या दारावर आतून हे अजून लिहिलेलं आहे, आणि ते चालतं.

शेडमधल्या कुणी तरी ‘एक ना धड’ म्हटलं तेव्हा तुम्ही मिरजेचं उदाहरण दिलंत. तलवारींना धार लावणारे शिकलगार तिथे सतारी आणि तंबोरे घडवू लागले, पोलादावर बसलेला हात लाकडावर गेला. आम्ही मिरजेला शेजारी राहतो, पण या अंगानं तिच्याकडे पाहणारी माणसं थोडी.

दुर्बिणीची पेटी डॉब्सोनियन पद्धतीची, मरीन प्लायची. जॉन डॉब्सन यांनी 1960च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवण्यासाठी ही साधी मांडणी लोकप्रिय केली. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सनमायका सरकतो आणि एका बोटानं नळी फिरते. माप सगळं छापील मिळतं, पण ‘अंधारात हाताला कसं कळणार?’ हा प्रश्न तुमचाच. आरसा जुळवायच्या तीन स्क्रूंना तुम्ही पितळेच्या मोठ्या मुठी करून दिल्यात, वर नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरबरीत रेघा. थंडीत बोटं बधिर झाली तरी पकड सुटत नाही. तुमच्या सगळ्या कामात मला हे काम सर्वांत आवडतं.

मे महिन्यात जतच्या माळावर तुम्ही आलात, गुडघे दुखत असताना. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तिथून दक्षिणेला 25 अंशांच्या आसपास चढतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवर, जवळपास एक कोटी तारे. डोळा लावून तुम्ही म्हणालात, ‘रवा सांडलाय की ओ, ताई.’ मग नळी स्वतः हलवून बघितलीत, आणि पेटीचा डावा टेफ्लॉन अर्धा सूत आत घ्यायला सांगितलंत. तो घेतला आहे. आता झटका बसत नाही.

काका, भट्टीवाल्यांकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, लेथ सुट्टीच्या दिवशी उघडून दिलात, आणि पैशांचा विषय काढला की रागावलात. मनापासून आभार.

एक विचारायचं होतं. जतच्या एका मुलानं आठ इंची आरसा घासायला घेतला आहे. आपला पॅटर्न मी वार्निश करून ठेवला आहे, तो त्याला ओतकामापुरता देऊ का? चालत असेल तर त्याला पुढच्या रविवारी शेडवर घेऊन येते. उतार आणि आकसणं तुम्हीच समजावून सांगा.

तुमची,
विश्रामबागची दुर्बीणवाली ताई