जमीन मोकळी तर घर मोठं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरसजावटीचं पान येतं ते मी न चुकता वाचते, पण त्यातले फोटो बघितले की दर वेळी वाटतं, एवढा तर आमचा अख्खा फ्लॅट आहे. आम्ही विश्रामबागला राहतो, वन बीएचके, 390 स्क्वेअर फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, आणि घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई अशी पाच माणसं. सांगलीत असं राहणारी किती तरी कुटुंबं आहेत, म्हणून आमचा अनुभव सांगावासा वाटला.

2019 पर्यंत आम्ही गावभागात तळमजल्यावर भाड्याने होतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर टीव्ही युनिट, मुलांचं टेबल, बेडचे खालचे ड्रॉवर, म्हणजे जे जे पार्टिकल बोर्डचं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, होतं ते सगळं भिजवलेल्या पोह्यांसारखं फुगलेलं, हात लावला की भुसा हातात यायचा. टिकलं काय, तर भिंतीतल्या सागवानी फडताळाची चौकट, खुंट्या, आणि सासूबाईंच्या लोखंडी कपाटाचा आरसा. त्या दिवशी रडायलाच आलं, पण जुन्या घरातल्या लोकांनी सामान जमिनीवर न मांडता भिंतीत का ठेवलं ते मला तेव्हा कळलं. कोनाडा, फडताळ, माळा, ह्यांना जमिनीची एक इंचही जागा लागत नाही.

तरी नवीन फ्लॅट घेतल्यावर आम्ही पुन्हा तीच चूक केली. एका दुकानात एल आकाराचा सोफा आवडला आणि घेऊन आलो. 10 बाय 13 चा हॉल, म्हणजे 130 स्क्वेअर फूट, आणि टेपने मोजलं तर सोफ्यानेच 29 खाल्लेले! जवळजवळ पाव हॉल गेला आणि बसायचे पाच जणच. वर्षभर अंग चोरून फिरलो, धाकट्याच्या कपाळाला दोनदा कोपरा लागला, मग तो विकून टाकला. आता खिडकीखाली पाय असलेला साधा दिवाण आहे, त्याच्याखालून फरशी भिंतीपर्यंत दिसते, झाडूही जातो, आणि खरं सांगते, एवढ्यानेच हॉल मोठा वाटायला लागला, कारण माणसाला खोली केवढी आहे ते मोकळ्या दिसणाऱ्या फरशीवरून कळतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजी टाकून चौदा बायका आरामात बसल्या.

सुतार फॉल्स सीलिंगच्या मागे लागला होता. आमची उंची साडेनऊ फूट, त्यातलं अर्धा फूट त्यात जाणार आणि शिवाय पंखा खाली येणार, म्हणून आम्ही नको म्हटलं. त्याऐवजी भिंती आणि सीलिंग एकाच फिकट पांढऱ्या रंगात घेतले, म्हणजे भिंत कुठे संपली ते डोळ्याला पटकन कळत नाही आणि घर उंच वाटतं. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर लगेच न लावता सीलिंगच्या जवळ लावला, पडदे फरशीपर्यंत सोडले. किचनचं दार काढून सरकतं केलं, कारण अडीच फुटाचं दार उघडायला जवळजवळ पाच स्क्वेअर फूट जमीन मोकळी सोडावी लागते, तिथे आता गव्हाचा डबा आणि मिक्सरचं टेबल बसलं. उरलेलं सगळं माळ्यावर आणि बेडरूमच्या भिंतीतल्या उंच कपाटात, पण पार्टिकल बोर्ड नाही हं, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय, महाग पडतं पण पुराने शिकवलंय.

आणि तो आरसा. सासूबाईंच्या गंजलेल्या कपाटाचं दार मोडीत दिलं पण आरसा काढून ठेवला होता, तो खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर बसवला. सकाळी ऊन खिडकीतून येतं आणि आरशावरून उलटं सासूबाईंच्या कोपऱ्यात पडतं, पूर्वी तिथे दिवसाही ट्यूब लावावी लागायची. त्या तिथे बसून मेथी निवडतात आणि येईल त्याला सांगतात, बघ, माझ्या लग्नातला आरसा आहे.

एक गोष्ट मात्र आधीच विचारा, घर घेतानाच. बिल्डर साडेपाचशे, सहाशे स्क्वेअर फूट सांगेल, आपण कार्पेटच विचारायचं, 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा, पूर्ण लागू आहे आणि रेराच्या प्रकल्पात फ्लॅट कार्पेटवरच विकायचा असतो. त्यातही आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाल्कनी धरलेली नसते. आणि ती बाल्कनी मिळाली तर कृपा करून काचा लावून, खोके भरून बंद करू नका. वारा आणि उजेड तिथूनच येतो, तो अडला की आतल्या कुठल्याही रंगाने घर मोकळं वाटत नाही.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी 400 फुटाच्या आतलं, माणसं खरंच राहतात असं घर छापा. फोटोखाली कार्पेट किती, राहणारे किती आणि खर्च किती आला एवढं लिहा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली