गाडी चांगली हो, पण ओगलेवाडीला उतरून पुढं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

रेल्वे बरी का एसटी बरी यावर तुमच्या पेपरात पत्रं येतायत, वाचायला मजा येते, पण लिहिणारे बहुतेक वर्षातून दोनदा पुण्याला जाणारे वाटतात. आम्ही सांगली-कराड रोज अपडाऊन करणारी माणसं, आमचा हिशोब वेगळा आहे.

पैशाचं आधी उरकतो. रेल्वे स्वस्त, यात वादच नाही. कोविडनंतर पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट १० चं ३० केलेलं, ते २०२४ ला परत १० वर आलं आणि महिन्याचा पास तर १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, तोही किरकोळ पैशात. एसटीचा पास म्हणजे २० दिवसांचं भाडं भरा नि ३० दिवस फिरा, त्यात जानेवारी २०२५ ला भाडं जवळपास १५ टक्के वाढलं. पण हे झालं गड्यांचं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना तर फुकट, त्यामुळं आमच्या ऑफिसातल्या मॅडम लोक एसटी सोडायचं नाव काढत नाहीत. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद केली ती केलीच.

बसायच्या बाबतीत रेल्वेला तोड नाही. पाय मोकळे करता येतात, संडास आहे, पेपर वाचून होतो. एसटीत इस्लामपूर, पेठ नाका करत जायचं, हायवेला सहापदरीकरणाची डायव्हर्जनं, आणि पावसात एखादी काच अशी अडकलेली असते की वर होत नाही न खाली, मग खिडकीजवळचा माणूस डबा मांडीवर घेऊन रिकामी पिशवी काचेच्या फटीत कोंबून बसतो. आणि उभं राहायची पाळी आली तर वरचा दांडा धरून बोटं सुजतात.

तरी पण घाईच्या दिवशी माणूस एसटीच धरतो, का? तर पॅसेंजरला मागून येणाऱ्या प्रत्येक एक्सप्रेससाठी बाजूला टाकतात. विद्युतीकरण झालं, दुहेरीकरणाचं काम इतकी वर्षं ऐकतोय, पण मधल्या स्टेशनात गाडी थांबली की थांबली. लोक खाली उतरून सिग्नलकडं बघत शेंगा खातात, आणि तेवढ्यात बसनं निघालेला मित्र फोन करून सांगतो, पेठ नाका सोडला बघ मी. एक बस चुकली तर मागून दुसरी असते, पॅसेंजर चुकली की अर्धा दिवस गेला. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत धावतीय, सांगली, किर्लोस्करवाडी, कराडला थांबते, बघायला झकास, पण आठवड्यातून तीन दिवस आणि आमचा पास त्यात चालत नाही. मग रोजच्या माणसाला तिचा काय उपयोग ते सांगा.

आणि एवढं सगळं जमून गाडी वेळेत पोचली तरी खरी गंमत पुढंच आहे, कारण कराडचं स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीला आहे. साताऱ्याचं माहुलीला. इस्लामपूरकरांना तर स्टेशनच नाही, त्यांनी ताकारी गाठायची. उलट एसटी गावाच्या मध्यात स्टँडवर सोडते. ओगलेवाडीला उतरलं की रिक्षा नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, आणि वडापवाला भरल्याशिवाय हलत नाही, तो पुढच्या सीटवर चौथा माणूस शोधत असतो आणि आपण घड्याळ बघत असतो. रेल्वेच्या पासात वाचवलेले पैसे तिथंच जातात, वेळ जातो तो वेगळाच, मग एसटी महाग का पडते म्हणून कोण विचारणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रेल्वे का एसटी हे भांडण सोडा, दोघांना आधी एकमेकांचं टाइमटेबल बघायला सांगा. सकाळची पॅसेंजर आली की स्टेशनाबाहेर कराड स्टँडला जाणारी एक बस उभी पाहिजे, आणि गाडी लेट असेल तर बसनं तेवढं थांबलं पाहिजे. संध्याकाळी उलट. नवीन बस घ्यायला नको, रूळ टाकायला नको, स्टेशन मास्तरनं डेपोला एक फोन लावायचा. माहुलीला आणि ताकारीलाही हेच. महिनाभर करून बघा, गर्दी नाही झाली तर खुशाल बंद करा.

आपला,
एक पासधारक, विश्रामबाग, सांगली