कुत्रा चावला तर लसीसोबत सिरमचंही विचारा

मा. संपादक,
नमस्कार.

कुत्रा चावल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमीच असतात, बंदोबस्त कोणी करायचा, महानगरपालिका काय करते, हायकोर्ट काय म्हणालं वगैरे, पण चावल्यावर रेबीज होऊ नये म्हणून नेमकं घ्यायचं काय हे दोन ओळीत उरकता म्हणून लिहितोय.

लोकांचं कसं आहे, इंजेक्शन घेतलं न, झालं मग. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या हाताला चांगले दात रुतले, रक्त निघालं, तरी एका दवाखान्यात फक्त लस टोचून घरी पाठवलं. घरच्यांनी पण काही विचारलं नाही, कारण सिरम नावाचं वेगळं काही असतं हेच कोणाला माहीत नाही.

अहो, लसीत अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, नसतात. लस घेतल्यावर आपल्या पेशी त्या बनवायला लागतात आणि त्याला साधारण ७ ते १४ दिवस जातात, तोवर रेबीजचा व्हायरस काय वाट पाहत बसते का? तो एकदा नसेत (रक्ताच्या नाही, मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत) शिरला की अँटीबॉडीच्या हाती फारसा लागत नाही, अन् मेंदूपर्यंत जाऊन लक्षणं दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून रक्त निघालेल्या जखमेत आणि तिच्या आजूबाजूला तयार अँटीबॉडी टोचतात, हेच ते सिरम, या अँटीबॉडी तिथल्या तिथेच व्हायरसला चिकटून त्याला नसेत जाऊ देत नाहीत. घरचा स्वयंपाक होईस्तोवर बाहेरचा डबा, असं समजा. ही आयडिया काही आजची नाही, १८९० मध्येच बेहरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी एका जनावराचं सिरम दुसऱ्याला देऊन धनुर्वात रोखून दाखवला होता. आता घोड्याचं सिरम मिळतं, माणसाचं मिळतं पण महाग, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेली, एकाच प्रकारची) अँटीबॉडी पण आहे.

हे लसीसोबत पहिल्याच दिवशी घ्यायचं, राहूनच गेलं तर पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत, त्यानंतर स्वतःच्या अँटीबॉडी यायला लागतात म्हणून देत नाहीत. ज्याचा लसीचा कोर्स आधीच पूर्ण झालाय त्याला सिरम लागत नाही, पेशींना ओळख असते, ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस) आणि ३ या दिवशीचे दोन डोस पुरतात. आणि राजेहो, ते मिरची अन् चुना लावणं सोडा, आधी १५ मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा.

पुढची बातमी छापाल तेव्हा सिरम शहरात कोणकोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं, रात्री मिळतं का, रविवारी मिळतं का, एवढं तुमच्या रिपोर्टरला विचारून चौकटीत टाका.

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर